ज्युरीच्या बाकावर आपण

गेल्या वर्षी ईदनंतरच्या एका संध्याकाळी माझ्या भाच्याने मला एक जुना चित्रपट दाखवला. भाचा वकील आहे, जिल्हा न्यायालयात प्रॅक्टिस करतो. "मामूजान, तुम्ही आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलंत, हा तुम्हाला आवडेल," असे म्हणून त्याने 'टू किल अ मॉकिंगबर्ड' लावला. चित्रपट संपला तेव्हा खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग भाचा म्हणाला, "यातला टॉम रॉबिन्सन म्हणजे आपणच ना, मामूजान?" मी मान हलवली. पण ती मान हलवताना मनात काहीतरी टोचले, आणि ते काय हे मी त्याला त्या वेळी सांगू शकलो नाही. आज हा लेख लिहायला बसलो आहे तो त्याचसाठी.

प्रश्न साधा आहे. खटल्याची गोष्ट पाहताना किंवा वाचताना आपण स्वतःला कोणत्या जागी बसवतो? आरोपीच्या पिंजऱ्यात, वकिलाच्या खुर्चीवर, की ज्युरीच्या बाकावर?

आधी चित्रपटाविषयी थोडे. हार्पर ली या लेखिकेची कादंबरी १९६० साली प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. १९६२ मध्ये रॉबर्ट मलिगन यांनी त्यावर चित्रपट केला. पटकथा हॉर्टन फूट यांची. ग्रेगरी पेक या नटाने अॅटिकस फिंच या वकिलाची भूमिका केली आणि त्याला त्यासाठी ऑस्कर मिळाले. गोष्ट घडते अमेरिकेच्या दक्षिणेकडील अलाबामा राज्यात, मेकॉम्ब नावाच्या एका काल्पनिक गावात, १९३० नंतरच्या मंदीच्या वर्षांत. टॉम रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय मजूर. मायेला यूएल ही गावातल्या सर्वांत गरीब, बदनाम गोऱ्या कुटुंबातली मुलगी. टॉमने आपल्यावर बलात्कार केला असा तिचा आरोप आहे. तिचा बाप बॉब यूएल साक्षीदार आहे. न्यायाधीश टॉमचे वकीलपत्र अॅटिकसकडे सोपवतात. अॅटिकस विधुर आहे, त्याला जेम आणि स्काउट ही दोन मुले आहेत, आणि सारी गोष्ट आपण स्काउट या लहान मुलीच्या डोळ्यांनी पाहतो.

खटल्यात पुरावा असा निघतो. मायेलाच्या चेहऱ्याची उजवी बाजू सुजलेली होती, म्हणजे मारणारा बहुधा डावखुरा. अॅटिकस बॉब यूएलला आपले नाव लिहायला लावतो. तो डाव्या हाताने लिहितो. टॉमचा डावा हात मात्र लहानपणी सरकीच्या यंत्रात सापडून निकामी झालेला. चित्रपटात अॅटिकस त्याच्याकडे एक पेला फेकतो, टॉम तो उजव्या हाताने झेलतो, आणि डावा हात उचलताच येत नाही असे सांगतो. वैद्यकीय तपासणी तर कोणी केलेलीच नाही. मायेलाने एकटेपणातून टॉमला जवळ करण्याचा प्रयत्न केला, बापाने ते पाहिले, बापाने तिला मारले, आणि मग लाज झाकण्यासाठी हा आरोप रचला गेला, हे प्रेक्षकाला लख्ख दिसते. ज्युरीलाही दिसते. तरीही बारा गोरे पुरुष टॉमला दोषी ठरवतात. पुढे तुरुंगात नेताना तो पळाला आणि गोळी लागून मेला, अशी बातमी येते.

या खटल्यातली एक गोष्ट मला सर्वांत जास्त बोचली. सरकारी वकील टॉमला विचारतो, तू या मुलीची कामे फुकट का करून देत होतास? टॉम भोळेपणाने सांगतो की तिची दया येत होती. तिथेच खटला बुडतो. गुन्हा सिद्ध झाला म्हणून नव्हे. एका काळ्या माणसाने गोऱ्या मुलीची दया करावी, म्हणजे क्षणभर का होईना तिच्यापेक्षा वरच्या जागी उभे राहावे, हे त्या समाजाला सहन होणारे नव्हते. बलात्काराचा आरोप खोटा आहे हे पचवता आले असते, ही दया पचवता आली नाही.

वाचकांना वाटेल, ही कादंबरीतली गोष्ट. पण ती हवेतून आलेली नाही. २५ मार्च १९३१ रोजी अलाबामातच एका मालगाडीतून नऊ कृष्णवर्णीय तरुणांना उतरवून पकडण्यात आले. दोन गोऱ्या तरुणींवर बलात्कार केल्याचा आरोप होता. दोन-तीन आठवड्यांत खटले उरकले आणि नवांपैकी आठ जणांना मृत्युदंड सुनावला गेला. स्कॉट्सबोरो खटला म्हणून तो इतिहासात प्रसिद्ध आहे. आरोपींना पुरेशी वकिली मदत मिळाली नाही म्हणून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३२ साली त्या शिक्षा रद्द केल्या. १९३३ साली नव्याने खटला चालला तेव्हा त्या दोन तरुणींपैकी एकीने न्यायालयात येऊन सांगितले की असे काही घडलेच नव्हते. ज्युरीने तरीही दोषी ठरवले. त्या वेळी न्यायाधीश होते जेम्स हॉर्टन. त्यांनी पुरावा पुन्हा तपासला आणि ज्युरीचा निकाल बाजूला सारला. पुढच्याच वर्षी न्यायाधीशपदाच्या निवडणुकीत ते हरले. १९३५ साली सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका निकालात ज्युरीतून कृष्णवर्णीयांना वगळणे घटनाबाह्य ठरवले. नवांपैकी अखेरच्या तिघांना अलाबामाने माफी दिली ती २०१३ साली, तेव्हा त्यांच्यापैकी कोणीच हयात नव्हते.

हार्पर ली यांचे वडीलही वकील होते. तरुणपणी त्यांनी दोन कृष्णवर्णीय आरोपींचा बचाव केला होता. दोघांनाही फाशी झाली. ली यांचे गाव मन्रोव्हिल. तिथल्या न्यायालयावरूनच चित्रपटाचा न्यायालयाचा सेट उभारला गेला. आज ती जुनी इमारत संग्रहालय आहे आणि गाव या कादंबरीचा अभिमान बाळगते. याच परगण्यात १९८६ साली एका गोऱ्या तरुणीचा खून झाला आणि वॉल्टर मॅकमिलियन या कृष्णवर्णीय माणसाला अटक झाली. खुनाच्या वेळी तो घरी होता, आणि हे सांगणारी त्याच्या लोकांची मोठी संख्या होती. खटला चालण्याआधीच त्याला मृत्युदंडाच्या कैद्यांमध्ये ठेवण्यात आले. १९८८ साली दोषी ठरवताना ज्युरीने जन्मठेप सुचवली होती, न्यायाधीशाने ती बदलून मृत्युदंड दिला. ब्रायन स्टीव्हन्सन या वकिलाने वर्षानुवर्षे झगडून १९९३ साली त्याला सोडवले. म्हणजे ज्या गावाने अॅटिकसवर प्रेम केले, त्याच गावाच्या छायेत टॉमची गोष्ट पुन्हा घडली. चांगले पुस्तक आवडणे आणि चांगला न्याय करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मन्रोव्हिलने जगाला दाखवून दिले.

आता भाच्याच्या वाक्याकडे येतो. टॉम म्हणजे आपणच, असे त्याला का वाटले हे मला समजते. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शुक्रवारी, शब-ए-बरातच्या दिवशी मालेगावच्या बडा कब्रस्तानाजवळ स्फोट झाले. मेलेले आपले, आणि पकडले गेलेले नऊ जणही आपलेच. २०११ साली त्यांना जामीन मिळू लागला आणि एप्रिल २०१६ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. तोवर त्यांतला एक जण हे जग सोडून गेला होता. दहा वर्षांत घरे उद्ध्वस्त झाली, मुले बापाविना वाढली, बहिणींची लग्ने मोडली. निकालाच्या कागदावर या गोष्टी येत नाहीत. असे दिवस पाहिलेल्या समाजातल्या तरुण वकिलाला टॉम आपला वाटला, तर त्यात नवल काय? ती ओळख खरी आहे, दुःखातून आलेली आहे. मी तिला नाकारत नाही.

पण ती अर्धी आहे, असे मला वाटते. गोष्टीत पीडिताच्या जागी बसणे सोपे असते, कारण तिथे आपल्याला काही करावे लागत नाही. आपण फक्त सोसतो आणि नीतीच्या पारड्यात आपोआप जड होतो. गोष्ट ज्यांना उद्देशून सांगितली आहे ते मात्र पीडित नसतात. ती सांगितली आहे त्या बारा जणांना.

कोण होते ते बारा जण? राक्षस नव्हते. शेतकरी होते, कष्टाळू होते, रविवारी चर्चला जाणारे होते. कादंबरीत तर एक तपशील आहे जो चित्रपटात आलेला नाही. निकाल यायला अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि नंतर कळते की एक जण बराच वेळ टॉमला सोडा म्हणून अडून बसला होता. तो होता कनिंगहॅम कुटुंबातला, म्हणजे आदल्या रात्री टॉमला ठार मारायला तुरुंगाबाहेर जमलेल्या जमावातल्या माणसाचा नातलग. म्हणजे बारांपैकी निदान एकाला सत्य दिसत होते, आणि तेही अशा घरातला की जिथून कोणी अपेक्षा केली नसती. शेवटी तोही वाकला. का वाकला? त्याला पुरावा कमी पडला म्हणून नव्हे. उद्या सकाळी त्याला याच गावात राहायचे होते म्हणून. त्याच दुकानात उधार घ्यायचे होते, त्याच लोकांशी सोयरीक करायची होती.

हा नीतीचा खरा प्रश्न आहे. अज्ञानातून झालेला अन्याय निराळा, आणि सत्य माहीत असताना आपल्या माणसांच्या बाजूने राहण्यासाठी केलेला अन्याय निराळा. पहिला शिक्षणाने जातो. दुसरा जात नाही, कारण तो करताना माणसाला आपण वाईट आहोत असे वाटतच नाही. उलट आपण निष्ठावान आहोत, आपल्या लोकांचे आहोत, असे वाटते.

ज्युरीचा असा अनुभव आपल्या मुंबईलाही आहे. १९०८ साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. जामिनासाठी त्यांच्या वतीने उभे राहिले होते तेव्हाचे तरुण बॅरिस्टर महमद अली जीना. जामीन नाकारला गेला. खटला होता 'केसरी'तल्या मराठी लेखांवर, आणि ज्युरीला ते वाचायचे होते इंग्रजी भाषांतरांतून. नऊ जणांच्या ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी होते. निकाल आला सात विरुद्ध दोन. सात युरोपियनांना टिळक दोषी वाटले, दोन पारशांना निर्दोष. लेख तेच, पुरावा तोच, पण निकालाची रेघ बरोबर कातडीच्या रंगावर पडली. पण या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे न्यायमूर्ती दावर स्वतः पारशी होते, आणि १८९७ च्या खटल्यात त्यांनीच वकील म्हणून टिळकांना जामीन मिळवून दिला होता. म्हणजे माणूस कोणत्या समाजाचा यावरून तो काय करील हे सांगता येत नाही. तो कोणत्या बाकावर बसला आहे, हेही तितकेच महत्त्वाचे असते.

पुढे नानावटी खटल्यात १९५९ साली ज्युरीने आठ विरुद्ध एक असा निर्दोष असल्याचा निकाल दिला, उच्च न्यायालयाने तो फिरवला, आणि ज्युरीची पद्धत आपल्याकडून हळूहळू गेली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ती उरली नाही. पद्धत गेली, पण ज्युरीचा बाक काही गेला नाही. तो एसटी स्टँडवर आहे, चहाच्या टपरीवर आहे, टीव्हीपुढे आहे, मोबाइलच्या ग्रुपवर आहे. आणि आपल्या जमातीच्या बैठकीतही आहे.

इथे मला कुरआनातल्या एका प्रसंगाची आठवण होते. सूरह अन-निसाच्या १०५ व्या आयतीपासून पुढच्या आयतींच्या संदर्भात तफसीरकार तो सांगतात. तपशिलांत फरक आहेत, पण गाभा एकच आहे. मदीनेत मुसलमान म्हणवणाऱ्या, उबैरिकच्या घराण्यातल्या एका माणसाने चिलखत चोरले. संशय येऊ लागला तेव्हा ते चिलखत एका यहुद्याकडे सापडेल अशी व्यवस्था झाली. घराण्याचे लोक एकत्र आले, आपल्या माणसाची बाजू घेतली, आणि हजरत पैगंबरांनी (स.) त्याच्या बाजूने निर्णय द्यावा असा आग्रह धरू लागले. यहुदी परका होता, आणि त्या काळात दोन समाजांचे संबंध काही गोडीचे नव्हते. अशा वेळी वही उतरली ती त्या यहुद्याला निर्दोष ठरवणारी. दगाबाजांची वकिली करू नका, असा त्या आयतींचा आशय आहे. जो स्वतः गुन्हा करून त्याचा डाग निर्दोषाच्या माथी मारतो तो मोठ्या पापाचे ओझे उचलतो, असेही पुढे येते.

आपण हा प्रसंग वाअजमध्ये ऐकतो आणि इस्लामच्या न्यायबुद्धीचा अभिमान बाळगतो. बाळगावाच. पण वही कोणाला रोखत होती, याचा विचार आपण करतो का? ती रोखत होती आपल्याच माणसांना. त्याच सूरहमध्ये पुढे १३५ व्या आयतीत इन्साफवर ठाम राहून साक्ष देण्याची आज्ञा आहे, मग ती साक्ष स्वतःच्या, आईबापाच्या, नातलगांच्या विरुद्ध का जाईना. मेकॉम्बच्या बारा जणांना पेलली नाही ती हीच कसोटी.

आता माझे सांगतो.

१९८९ च्या सुमाराची गोष्ट. मी तालुक्याच्या गावी हायस्कूलला शिक्षक होतो. आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीचे बांधकाम चालू होते. चंद्याचे पैसे मशिदीलगतच्या खोलीत एका कपाटात ठेवलेले असत. एका सकाळी त्यातली मोठी रक्कम गायब झाली. बांधकामावर विटा वाहणारा एक फासेपारध्याचा मुलगा होता, पंधरा-सोळा वर्षांचा. पारधी म्हटले की लोकांचे ठरलेलेच असते. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, स्वतंत्र भारताने १९५२ साली तो कायदा रद्द केला, पण लोकांच्या मनातून तो रद्द झाला नाही. आमच्याही नाही.

आदल्या रात्री इशाच्या नमाजनंतर मी माझी विसरलेली छत्री घ्यायला परत गेलो होतो. त्या खोलीतून जमातीतल्या एका वजनदार घरातला तरुण बाहेर पडताना मी पाहिला होता. त्याने मला सलाम केला, मी जवाब दिला. त्या वेळी त्यात मला काही वावगे वाटले नाही. दुसऱ्या दिवशी जमात बसली. मुलाला पुढे उभे केले. वडीलधाऱ्यांनी विचारले, कोणी काही पाहिले आहे का? मी तिसऱ्या रांगेत होतो. तोंड उघडायला हवे होते. पण त्याच घरात माझ्या मोठ्या मुलीच्या रिश्त्याची बोलणी चालली होती. मी स्वतःला समजावले की त्या मुलाचे खोलीतून बाहेर येणे म्हणजे चोरी नव्हे. खात्री नसताना एखाद्या घरंदाज मुलाची बदनामी का करावी? हा विचार मला त्या वेळी फार सावधपणाचा, फार न्यायाचा वाटला. गंमत अशी की खात्री नसताना पारध्याच्या मुलाचे काय होईल, हा प्रश्न मला त्या वेळी पडलाच नाही.

मुलाला मार बसला. मग पोलिसांकडे दिले. चार दिवसांनी गावाबाहेरचे त्यांचे पाल उठले आणि ते कुटुंब कुठे गेले ते कळले नाही. काही महिन्यांनी कानावर आले की ती रक्कम कपाटात परत आली आहे, घरातल्या मोठ्यांनी भरपाई केली आहे, आणि इज्जतीचा प्रश्न म्हणून बाब मिटवली आहे. त्या मुलाला शोधून माफी मागावी असे कोणी म्हणाले नाही. मीही म्हणालो नाही. तो रिश्ताही पुढे काही जुळला नाही, पण त्यामुळे माझा गुन्हा हलका होत नाही. कुरआनात सूरह अल-बकरामध्ये म्हटले आहे की जो गवाही लपवतो त्याचे अंतःकरण पापी असते. ही आयत मी तरुणपणीच वाचली होती. तिचा अर्थ मला त्या तिसऱ्या रांगेत बसल्यावर कळायला हवा होता.

म्हणून भाच्याने टॉम म्हणजे आपणच असे म्हटले, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे पिंजरा आला नाही. बाक आला. आमच्या मेकॉम्बमध्ये टॉम पारध्याचा होता, आणि मी त्या बारांतला एक होतो. कदाचित अडून बसू शकला असता असा एक. जो समाज बाहेर टॉम असतो तो आपल्या मोहल्ल्यात ज्युरी असू शकतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. आपल्यावर अन्याय झाला म्हणून आपण न्यायी झालो, असे होत नाही.

या चित्रपटात एक अडचणही आहे आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. टॉम सुटायला हवा असेल तर मायेलावर अविश्वास ठेवावा लागतो. एका स्त्रीने बलात्काराची तक्रार केली आहे आणि आपण प्रेक्षक म्हणून तिला खोटे ठरवायला उत्सुक झालो आहोत. आपल्याकडे मथुरा प्रकरणात याच्या उलट झाले. १९७२ साली महाराष्ट्रातल्या देसाईगंजच्या पोलिस चौकीत एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडून दिले, कारण तिने प्रतिकार केल्याच्या खुणा नव्हत्या. तिच्या शब्दाला किंमत मिळाली नाही. त्यावर देशभर आवाज उठला आणि १९८३ साली कायदा बदलला.

मग स्त्रीवर विश्वास ठेवायचा की नाही? मला वाटते, प्रश्नच चुकीचा आहे. मेकॉम्बच्या ज्युरीने मायेलावर विश्वास ठेवला तो ती स्त्री म्हणून नव्हे, गोरी म्हणून. मथुरेवर विश्वास ठेवला गेला नाही तो ती आदिवासी, गरीब आणि त्यांच्या मते 'तसली' मुलगी म्हणून. दोन्हीकडे साक्ष ऐकली गेली नाही, साक्षीदाराची पायरी पाहिली गेली. आणि मायेलाही सुटलेली नाहीच. बापाच्या हातचा मार तिनेच खाल्ला, त्याच बापाला वाचवण्यासाठी तिने खोटे बोलायचे, आणि निकालानंतर त्याच घरी परत जायचे. तिला खरे बोलायची जागाच कोणी ठेवली नव्हती. आपल्या घरांतल्या किती मुली अशा बापाच्या, भावाच्या, नवऱ्याच्या इज्जतीसाठी गवाही गिळून बसल्या आहेत, याचा हिशेब कोणत्या अदालतीत लागणार?

चित्रपटाच्या शेवटी आणखी एक कोडे आहे. सूड म्हणून बॉब यूएल अंधारात अॅटिकसच्या मुलांवर चाकू घेऊन हल्ला करतो. शेजारचा बू रॅडली, वर्षानुवर्षे घराबाहेर न पडणारा, सर्वांना भुतासारखा वाटणारा माणूस, मुलांना वाचवतो आणि त्या झटापटीत यूएल मरतो. अॅटिकसला वाटते, कायद्याप्रमाणे चौकशी व्हावी. शेरीफ म्हणतो, यूएल आपल्याच चाकूवर पडला. बूला लोकांच्या गर्दीत ओढणे हे पाप ठरेल. अॅटिकस अखेर मान्य करतो. इथे मॉकिंगबर्ड या शब्दाचा अर्थ उलगडतो. दुसऱ्या पक्ष्यांच्या आवाजाची नक्कल करत गाणारा हा अमेरिकेतला पक्षी पिकाची नासाडी करत नाही, फक्त गातो. त्याला मारणे पाप.

कायद्यासाठी सारे गाव अंगावर घेणारा माणूस शेवटी एका खोट्यावर गप्प बसतो. हे बरोबर की चूक? मी यावर बराच विचार केला. शेरीफचे खोटे दुबळ्याला वाचवते, ज्युरीचे खोटे दुबळ्याला मारते, म्हणून दोन्ही सारखे नाहीत, असे म्हणता येईल. पण मला भीती वाटते ती वेगळीच. माझ्या जमातीनेही एक बाब 'मिटवली' होती, तीही दयेच्या नावाने, घरंदाज मुलाचे आयुष्य खराब होऊ नये म्हणून. दया करताना कोणावर करतो आहोत आणि तिची किंमत कोण मोजतो आहे, हे पाहावे लागते. बूवर केलेल्या दयेची किंमत कोणा निर्दोषाला मोजावी लागली नाही. आमच्या दयेची किंमत एका पारध्याच्या मुलाने मोजली. तरीही एक प्रश्न उरतोच. बू रॅडली काळा असता तर शेरीफने ही दया केली असती का? चित्रपट हा प्रश्न विचारत नाही. आपण विचारायला हवा.

अॅटिकसही फरिश्ता नव्हे. २०१५ साली ली यांची 'गो सेट अ वॉचमन' ही आधी लिहून ठेवलेली कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्यात म्हातारा अॅटिकस कृष्णवर्णीयांना समान हक्क देण्याच्या विरोधात असलेल्या लोकांच्या बैठकीला बसलेला दिसतो. जगभरचे वाचक हळहळले. मला मात्र त्यातून एक धडा मिळाला. इन्साफ ही एकदा करून कायमची कमावण्याची गोष्ट नाही. एका खटल्यात ताठ उभा राहिलेला माणूस दुसऱ्या दिवशी आपल्याच लोकांच्या बैठकीत बसू शकतो.

चित्रपटातले एक दृश्य मात्र विसरता येत नाही. खटला हरून अॅटिकस कागद गोळा करतो आणि रिकाम्या न्यायालयातून बाहेर पडतो. वर गॅलरीत, जिथे फक्त काळ्यांना बसायची परवानगी होती, सारे लोक उठून उभे राहतात. काही बोलत नाहीत. त्यांचा माणूस हरला आहे, तरी ते उभे राहतात, कारण खालच्या माणसांपैकी एकाने त्यांच्यासाठी तोंड उघडले होते. निकाल बदलला नाही, पण साक्ष झाली. माझ्या तोंडून ती झाली असती तर कदाचित त्या मुलाचा मार चुकला नसता. पण तो जेव्हा जाईल तिथे एवढे तरी सांगू शकला असता की त्या मोहल्ल्यात एक माणूस माझ्या बाजूने बोलला होता.

भाच्याला मी परवा हे सारे सांगितले. त्याने मान खाली घालून ऐकले. मग विचारले, "मामूजान, आता काय करायचं?" त्या मुलाला शोधणे आता माझ्या हाती उरलेले नाही. पण भाचा दर आठवड्याला न्यायालयात जातो, आणि पारध्यांची, वडारांची, कैकाड्यांची मुले आजही संशयावरून उचलून आणली जातात. मी त्याला एवढेच म्हटले की त्यांतल्या एकाचे वकीलपत्र घे, फी न घेता. आणि जमातीची बैठक असली की तिसऱ्या रांगेत बसू नकोस, पुढे बस, म्हणजे विचारले तर गप्प राहणे जरा अवघड जाईल.